लवूचं माप

वखारीची किल्ली बेचाळीस वर्षं माझ्याकडेच होती. आधी कमरेला, मग कपाटात साड्यांच्या घडीखाली. यंदा गणपती झाल्यावर मी ती नेत्राला दिली.

नेत्रा माझी नात, अल्पेशची मुलगी. अल्पेश मुलुंडला राहतो. नेत्राचं ऑफिस घाटकोपरला, म्हणून आठवड्यातले चार दिवस ती माहुलला माझ्याकडे असते. कॉम्प्युटरवर काम करते आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या मोटरसायकली खोलते. तिच्यासारखी आणखी दहा-बाराजणं आहेत. कोणाला कुठे एखादा भाग मिळाला की ह्यांच्या फोनवर त्याचे फोटो येतात, जशी आम्ही पूर्वी सोयरिकीसाठी मुलीचे फोटो पाठवत असू. गेली दोन वर्षं ती माझ्याकडे एकच मागत होती. आजोबांची गाडी. मी टाळत होते. पण वखारीच्या दोन पायऱ्या मला चढवेनात तेव्हा वाटलं, आपल्यामागे ती भंगारात जायची, त्यापेक्षा पोरीच्या हाताखालून जाऊ दे.

गाडी जपानी, चौऱ्याहत्तर सालची. माझे यजमान रामचंद्र यांनी ती कस्टमच्या लिलावात घेतली. ते रिफायनरीत फिटर होते. कोळीवाड्यात जन्मलेले, पण होडीपेक्षा इंजिनाचं वेड जास्त. गाडीची टाकी लालभडक होती आणि पुढच्या चाकाला पोलादी चकतीचा ब्रेक होता. तसा ब्रेक तेव्हा इकडे कोणी पाहिला नव्हता. सिग्नलला लोक वाकून बघायचे.

त्या ब्रेकचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यात आहे. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा एक डबा असतो, कॅलिपर. त्याच्या पोटात पिस्टन असतो. पिस्टन म्हणजे धातूची एक पोकळ वाटी, देवापुढच्या नैवेद्याच्या वाटीएवढी, पण सरळ काठाची. हँडलवरचा ब्रेक दाबला की तेलाच्या दाबाने ती वाटी पुढे सरकते आणि चकती आवळली जाते. ब्रेक सोडला की वाटीने केसभर मागे यायचं असतं. तिला मागे ओढते ती तिच्याभोवतीची रबराची रिंग. वाटी केसभर मागे आली नाही तर चाक आवळलेलंच राहतं, तापतं आणि कधीतरी जाम होतं.

एका रविवारी सकाळी नेत्राने पडवीत वर्तमानपत्र पसरून तो कॅलिपर उघडला. दोन तास खटपट केली तेव्हा पिस्टन बाहेर आला. मी बाजूला पाटावर बसून मांदेली साफ करत होते.

ती म्हणाली, "आजी, ह्याच्यात कोणी तरी वाट लावून ठेवलीय. हे बघ."

तिच्या बोटावर काळपट पिवळं, मेणासारखं घट्ट झालेलं काहीतरी होतं. साधं ग्रीस, ती म्हणाली. कॅलिपरच्या तोंडाशी धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी असते, तिच्या मागे कोणीतरी ते बोटाने ठासून भरलं होतं. मग तिने आतली रबरी रिंग काढून दाखवली. ती फुगून आपल्या खाचेत मावत नव्हती.

"ब्रेकच्या रबराला साधं तेल, ग्रीस काहीच चालत नाही. कुकरची रिंग कशी होते जुनी झाल्यावर, तशी होते. मग पिस्टन पुढे जातो, पण मागे येत नाही. कुठल्या शहाण्याने भरलं असेल गं?"

मी पुढची मांदेली हातात घेतली. तिने त्या ग्रीसमधून चिमट्याने एक पातळ, गोल, चकचकीत कपचा उचलला आणि उजेडात धरला. "हे काय आहे? नख?"

नख नव्हतं. मांदेलीचा खवला होता. माझ्या हातावर त्याक्षणी तसले वीसेक चिकटलेले होते.

माझं माहेर मढचं. बापाची होडी होती. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या की पुरुष जाळी विणायला बसायचे आणि लोखंड आम्हा बायकांकडे यायचं. नांगर, कप्प्या, साखळ्या, बिजागऱ्या. खारा वारा लोखंड खातो, म्हणून एकेक वस्तू घासून तिला ग्रीस चोपडायचं. कप्पीच्या पोटात बोट घालून आतपर्यंत भरायचं. बाप हात फिरवून बघायचा आणि कुठे कोरडं लागलं तर पुन्हा करायला लावायचा. ग्रीसचा डबा होडीवरचाच, त्यात वाळू, खवले, सगळं असायचं. त्याने काही बिघडत नसे. माझ्या हातचं लोखंड गंजलं नाही याचा मला लग्नानंतरही अभिमान होता.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात रिफायनरीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी असायचं. रामचंद्र बसने जाऊ लागले आणि गाडी अडीच महिने वखारीत उभी राहिली. खाडी घरापासून हाकेवर. मला ती चकचकीत गाडी बघून काळजी वाटायची. एका दुपारी शाळेत शिकवून आल्यावर मी पदर खोचला, सासऱ्यांच्या होडीवरचा डबा घेतला आणि गाडीला होडीच्या लोखंडासारखं ग्रीस चोपडलं. चेन, तारा, नटबोल्ट, सगळं. चकतीला मात्र लावलं नाही, तिथे घासायचं असतं एवढं मला समजत होतं. पण त्या कॅलिपरवरची रबराची टोपी दिसली. मी ती बोटाने सरकवली आणि आत, अगदी आतपर्यंत, कप्पीत भरतात तसं भरलं.

कोणाला सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे. भांडी घासली हे कोणी सांगतं का?

नारळी पौर्णिमेला होडीबरोबर गाडीलाही हार घातला. रामचंद्र पुन्हा गाडीवर जाऊ लागले. तीन आठवड्यांनी, पहिली पाळी सुटल्यावर, टँकरच्या रस्त्यावर पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. ते पुढे फेकले गेले आणि गाडी त्यांच्या डाव्या पायावर आली. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत हाड तीन ठिकाणी मोडलं. चार महिने इस्पितळ. पाय राहिला, पण दोन इंच आखूड झाला. कंपनीने त्यांना गेटवर पास लिहायच्या टेबलावर बसवलं. ज्या माणसाला इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं कळायचं, त्याने पुढची वीस वर्षं माणसांची नावं आणि वेळा लिहिल्या.

आणि ह्या सगळ्याचा दोष मी लवूला दिला.

लवू त्यांचा मित्र. मालवणकडचा, बाप गिरणीत. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात तो लेथवर धातू कातणारा टर्नर होता. त्याच वर्षी मार्चमध्ये गाडीच्या मूळ पिस्टनला गंजाचे खड्डे पडले होते आणि जपानी भाग मिळणं शक्य नव्हतं. लवूने जेवणाच्या सुट्टीत, मालकाच्या लेथवर, पोलादाच्या तुकड्यातून नवा पिस्टन कातला आणि ओळखीच्या माणसाकडून त्यावर क्रोम चढवून आणला. आमच्याच ओट्यावर बसून बसवला. मी त्याला सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली होती. तो पिस्टन बोटावर फिरवून म्हणाला होता, "वहिनी, ह्येचा माप बघा. कंपनी मागे पडात." आतल्या पोकळ बाजूला त्याने दोन बारीक टिंबं ठोकली होती. ती त्याची खूण.

अपघात झाला तेव्हा घरात, वाड्यात, इस्पितळात, प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं. घरगुती पिस्टन जाम झाला. ते पहिल्यांदा कोण म्हणालं मला आठवत नाही. सगळ्यांत जास्त वेळा मी म्हणाले, हे मात्र आठवतं.

मी मरोळला त्याच्या कारखान्यात गेले. मालकासमोर, बाकीच्या कामगारांसमोर, मशीन चालू असताना, मी त्याला बोलले. माझ्या नवऱ्याचा पाय तू मोडलास म्हणाले. लवू हात पुसत नुसता उभा होता. मालकाला त्याच दिवशी कळलं की आपल्या लेथवर बाहेरची कामं होतात. पुढच्या महिन्यात लवूची नोकरी गेली.

त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "वहिनी, एकदा खोलून बघू द्या." एकदा इस्पितळाच्या जिन्यात मागितली. एकदा रामचंद्र घरी आल्यावर, हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभं राहून. मी सांगितलं, वखारीची किल्ली हरवली. किल्ली माझ्या कमरेला होती, त्याला दिसत होती. तिसऱ्यांदा त्याने कोणाकरवी तरी निरोप पाठवला. त्याला मी उत्तरही दिलं नाही.

मी एकतीस वर्षं महानगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवलं. उत्तर आलं की पडताळा करून बघा, असं किती मुलांना सांगितलं असेल.

नेत्राने विचारलं तेव्हा एवढं सगळं एका खवल्यातून माझ्यासमोर उभं राहिलं. मी म्हणाले, "असेल काहीतरी. टाक." आणि मांदेली घेऊन आत गेले. पंचाहत्तराव्या वर्षी मी पुन्हा किल्ली हरवली.

पुढचे पंधरा दिवस नेत्राचं डोकं पिस्टनमध्येच होतं. रबराच्या रिंगा नव्या मिळत होत्या, प्रश्न पिस्टनचा होता. ग्रुपमधल्या पुण्याच्या कोणीतरी जुना कंपनीचा पिस्टन पाठवला. मूळचा, जपानी शिक्क्याचा, पण क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. तिने मरोळला जाऊन एक स्टेनलेस स्टीलचा बनवून आणला. आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर कातलं जातं म्हणाली. आणि तिसरा, आमच्या कॅलिपरमधून निघालेला. तो तिने रॉकेलने नव्हे, कसल्याशा दुसऱ्याच द्रवाने धुतला, मऊ फडक्याने पुसला आणि तिन्ही वर्तमानपत्रावर ओळीने मांडून मला हाक मारली.

"आजी, तुझ्या नजरेला कुठला बरा वाटतो?"

मी त्या तिसऱ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षं फुगलेल्या रबरात अडकून राहिलेला, आणि त्यावर एक डाग नव्हता.

ती म्हणाली, गंमत म्हणजे हाच सगळ्यांत चांगला आहे. मोजून पाहिला, कुठेही मोजा, तोच आकडा. "हाताने केलेला आहे, कळतं. आत दोन टिंबं आहेत. ज्याने केला तो माणूस झकास असणार. पण मी काल पप्पांना फोटो पाठवला तर ते भडकले. म्हणाले, तो त्या लवूने केलेला पिस्टन आहे, त्याच्यामुळेच आजोबांचा पाय गेला, फेकून दे आधी. मला पटत नाहीये यार, पण शंका असेल तर ब्रेकला नको. स्टेनलेसचा घालते. हा भंगारात."

त्या लवूने. अल्पेश तेव्हा नऊ वर्षांचा होता. लवूच्या खांद्यावर बसून त्याने चेंबूरची जत्रा बघितली होती. ते तो विसरला होता आणि माझं बोलणं तेवढं त्याच्यात राहिलं होतं. आता ते त्याच्या मुलीच्या तोंडून माझ्याकडे परत आलं होतं. मी आज गप्प राहिले असते तर ते आणखी पुढे गेलं असतं, मी नसतानाही.

मी तिला बसवलं आणि सांगितलं. डबा, टोपी, बोट, खवला. मरोळचा कारखाना. किल्ली. सांगताना मी रडले नाही. नेत्रा पिस्टनकडे बघत ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं की आजोबांना माहीत होतं का. मी म्हणाले नाही, मलाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पण तुला बघता आलं असतं ना."

हो. बघता आलं असतं.

लवूचा पत्ता शोधायला तिला दोन दिवस लागले. तो हयात आहे की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षांपूर्वी रामचंद्र गेले तेव्हा तो आला होता. गल्लीच्या तोंडाशी, पोस्टाच्या पेटीजवळ उभा होता, खांदा द्यायला पुढे आला नाही. मी बघितलं आणि मान फिरवली. नेत्राला तो मालाडला सापडला. जुनी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. नोकरी गेल्यावर पिठाच्या गिरण्यांचे दांडे, बेअरिंगं दुरुस्त करून त्याने संसार केला, हे नंतर कळलं.

दार त्याच्या सुनेने उघडलं, अपूर्वाने. आम्ही येणार हे नेत्राने तिला फोनवर सांगितलं होतं. लवू खिडकीशी खुर्चीत बसला होता. अंगाने निम्मा झालेला, हात मात्र तेवढेच मोठे. त्याने मला ओळखलं. बसा म्हणाला नाही, अपूर्वा म्हणाली.

मी रिक्षात जे जुळवलं होतं ते सगळं विसरले. पिशवीतून पिस्टन काढला आणि त्याच्या हातात दिला. तो बघण्याआधी त्याने बोट आत घातलं आणि ती दोन टिंबं चाचपली. मग उभ्या उभ्याच मी त्याला सांगितलं, जसं घडलं तसं. माफी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बेचाळीस वर्षांपुढे तो फार लहान वाटला.

लवूने अपूर्वाला कपाटातून बिस्किटाचा डबा काढायला सांगितलं. त्यात मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर होता, बारीक मापं घ्यायचं साधन. हात कापत होते, पण पिस्टनला ते साधन लावलं तेव्हा थांबले. त्याने एका जागी मोजलं, फिरवून दुसऱ्या जागी, मग खाली. आकडा त्याला दिसत नव्हता. नेत्राने वाचून दाखवला. तिन्ही वेळा तोच.

"म्हणजे माझा माप बरोबर होता," तो म्हणाला.

"बरोबर होतं," मी म्हणाले.

खाली कुठेतरी शाळा सुटल्याचा गलका होता. त्याने पिस्टन मांडीवर ठेवला. मग त्याने विचारलं, आणि ह्याच प्रश्नाची मला रिक्षात भीती वाटत होती.

"रामान पण तसाच मानला?"

खोटं बोलायला जागा होती. रामचंद्र शेवटपर्यंत तुमच्याच बाजूने होते, असं म्हटलं असतं तर म्हातारा सुखावला असता आणि पडताळा करायला कोणी नव्हतं. आणि सुरुवातीला ते खरंही होतं. इस्पितळात ते म्हणायचे, सखू, लवूचं माप चुकायचं नाही, दुसरंच काहीतरी असेल. मी मात्र पिस्टनच जाम झाला म्हणत राहिले. पाय शेकताना म्हणत राहिले, ते गेटवरून दमून आले की म्हणत राहिले, दिवाळीत लवूचा फराळाचा डबा आला नाही तेव्हाही म्हटलं, बघा, मनात चोर आहे. डबा येऊ नये अशी सोय मीच केली होती. एके दिवशी ते म्हणाले, चुकला असेल बिचारा. त्यानंतर ते लवूबद्दल कधीच बोलले नाहीत.

"हो," मी म्हणाले. "आधी मानत नव्हते. मी मानायला लावलं."

लवूने मान हलवली. रागाने नाही. एखाद्याने आकडा वाचून दाखवावा आणि आपण तो ऐकून घ्यावा तशी.

नेत्रा पुढे झाली. तिने बाकीचे दोन पिस्टन त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, "आजोबा, तीन आहेत. कुठला घालू ते तुम्ही सांगा. मला तुमचाच घालायचाय."

मग तो बदलला. आम्ही आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. कंपनीच्या पिस्टनवर त्याने नख फिरवलं आणि बाजूला सारला. खड्डा लागता, ह्यो रबर कापतलो. स्टेनलेसचा हातात तोलून बघितला, धातू बरो आसा म्हणाला, गंजण्याची भीती नाही, माप घेतलं तेही ठीक निघालं. फक्त काठ धारदार ठेवला होता मशीनने. बसवताना नवी रिंग तिथेच फाटली असती. कोणी शिकवूक नाय तुमका, असं तो नेत्राला म्हणाला आणि ती हसली. डब्यातून त्याने तेलदगडाचा एक गुळगुळीत झालेला तुकडा काढला आणि तो काठ गोल फिरवत घासू लागला. मध्येच नेत्राचं बोट धरून काठावरून फिरवायचा. आता बघ. अजून लागता? आता? अर्धा तास ते दोघं खिडकीशी होते. मी चहा घेतला, बिस्किट घेतलं, पंख्याखाली टांगलेलं कॅलेंडर वाचलं. माझं तिथे काही काम नव्हतं.

काठ मनासारखा झाल्यावर त्याने स्टेनलेसचा पिस्टन नेत्राच्या हातात ठेवला. "ह्यो घाल."

"आणि तुमचा?"

"त्येच्यार माणूस पडलो हा." त्याने तो मलमलीत गुंडाळला, मायक्रोमीटरशेजारी. "ह्यो माझ्याकडे रवांदे. मागे बघूक मागितलेलो, तेव्हा दिलात नाय."

ते तो नेत्राला म्हणत नव्हता.

निघताना दाराशी मी त्याला म्हणाले, गाडी तयार झाली की माहुलला या. नेत्रा न्यायला येईल. मी सुकटीची चटणी करते. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, पण बोलून गेले.

"थंय आता कोण आसा, वहिनी?" लवू म्हणाला.

मग लिफ्टचं दार उघडलं तेव्हा मागून त्याचा आवाज आला, थोडा मोठा. "आणि ब्रेकाक तेल लावू नका हां." अपूर्वा हसली, नेत्राही हसली. तो हसत होता की नाही हे मी वळून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात रविवारी नेत्राने चकतीवर घासणारे नवे पॅड घालून कॅलिपर जोडला. ब्रेकच्या नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक हँडलशी. हँडलशी मी उभी राहिले. ती म्हणेल तेव्हा दाबायचं, ती म्हणेल तेव्हा सोडायचं. त्याआधी तिने मला साबणाने दोनदा हात धुवायला लावले, आणि मी मुकाट्याने धुतले. सगळं झाल्यावर तिने पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. ब्रेक दाबला, चाक थांबलं. सोडला, पुन्हा फिरवलं, ते फिरलं. अगदी बारीक घासल्याचा आवाज येत होता, तेवढाच.

तिने त्याचं चित्रण करून अपूर्वाच्या फोनवर पाठवलं. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दिवेलागणीला आवाजाचा एक तुकडा आला. नेत्राने तो माझ्यासमोर लावला.

"चाक वायच घासता, ता ऐकूक येता. नवे पॅड बसाक दोन-चार दिवस जातले. घाबरू नको. उतारावर सुरुवातीक सावकाश." मग खोकला, आणि अपूर्वाला विचारलेलं, झाला काय गो बंद? तिथे तुकडा संपतो.

मी तो नेत्राकडून माझ्या फोनवर घेतला आहे. त्यात माझं नाव नाही, रामचंद्रांचंही नाही. मी तो अजून अधूनमधून लावते. चाक घासतं आणि ते ऐकू येतं, एवढंच तो म्हणतो.